डोक्यातला डाग

कुठल्याही माणसाचे दोन कान एका रेषेत नसतात.

*

डिकीत पाना ठेवायची जागा स्टेपनीच्या खाली असते. आधी चटई उचलायची, मग स्टेपनी बाजूला करायची, मग पाना हाताला लागतो.

*

"आमच्याकडचे पुरुष तापट. पण मनाने लोणी," सासूबाई म्हणायच्या.

*

एकेकाळी एका विद्वानाने तुरुंगातल्या कैद्यांचे कान, जबडे आणि कपाळं मोजली, आणि गुन्हेगार हा जन्मालाच येतो असं जाहीर केलं. तुरुंगाबाहेरच्या लोकांचे कान त्याने तितक्या हौसेने मोजले नाहीत.

*

शाळेतल्या बाईंनी फळ्यावर म्हण लिहिली: खाण तशी माती. माझ्या मुलीने घरी येऊन विचारलं, "आई, मी कुठली खाण?"

*

मेंदूचा फोटो काढणारं यंत्र आतून असा आवाज करतं की कोणीतरी बाहेरून दार ठोठावतंय आणि आपल्याला उठता येत नाहीये.

*

हे सगळं एकाच माणसाबद्दल आहे. तो माझा नवरा.

त्याने डिकीतल्या पान्याने एका डिलिव्हरीवाल्याचं डोकं फोडलं. डिलिव्हरीवाल्याने आपली स्कूटर आमच्या गाडीच्या आडवी लावली होती, तेवढंच. माणूस वाचला, पण त्याची वाचा गेली आणि एक हात लुळा पडला. नवऱ्यावरचा गुन्हा शाबीत झाला. शिक्षा किती आणि कसली, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तोवर तो कोठडीत होता आणि आमच्या घरात शांतता होती.

शांतता म्हणजे काय ते सांगते. एकदा भिंगरीच्या हातून स्टीलचं झाकण पडलं. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. एका जागी थांबत नाही म्हणून भिंगरी. झाकण गोल गोल फिरत, खणखणत, अगदी सावकाश थांबलं. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहत ते थांबू दिलं. पूर्वी ते वाजायच्या आत मी त्याच्यावर पाय दिला असता.

मला ही शांतता हवी होती. एवढंच माझं म्हणणं. बाकीचं सगळं इतरांचं म्हणणं आहे.

*

माझं काम चष्म्याच्या दुकानात. डोळे तपासणारे वेगळे, भिंगं कापणारे वेगळे. मी फ्रेम बसवते. काडी गरम वाळूत तापवायची, कानामागे वाकवायची, नाकावरच्या उशा आत-बाहेर करायच्या. गिऱ्हाईक म्हणतं, "चष्मा वाकडा आहे." चष्मा सरळ असतो. वाकडा कान असतो. तसं बोलायचं नाही, अशी मालकांची सक्त ताकीद आहे, म्हणून मी सरळ चष्मा वाकडा करते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

वाकड्या कानाचा माणूस गुन्हेगार असता तर आमच्या दुकानात फक्त गुन्हेगार आले असते. मालक धरून.

*

वकील घरी आला तो रविवारी सकाळी. चकचकीत बूट दाराबाहेर काढून, मोजे मात्र फाटके. सासूबाईंना तो मावशी म्हणतो आणि मला वहिनी, म्हणजे फी घेताना नात्यातला वाटतो.

"वहिनी, आता काही लपवायचं नाही. त्याने तुमच्यावर कधी हात उचलला होता?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात त्या देत. शेजारच्यांनी एकदा पोलिसांना बोलावलं होतं. तेव्हा माझा ओठ फाटला होता, आणि सासूबाईंनी दारातच हवालदाराला सांगितलं होतं, "बाथरूममध्ये पडली. फरशी ओली होती." हवालदार माझ्याकडे न बघताच खाली उतरला होता.

"सांग ना गं," सासूबाई म्हणाल्या. "घाबरतेस कशाला? मारायचा ना तो? फार मारायचा हो वकीलसाहेब. गुरासारखा."

"कधीपासून मारायचा, आई?" मी विचारलं.

"लग्नापासून!"

"तुम्ही तर म्हणायचात, फरशी ओली होती."

"फरशीही ओली असायची," त्या म्हणाल्या.

वकिलाने घाईघाईने चहाचा घोट घेतला. मग समजावलं. नवऱ्याच्या मेंदूचा फोटो काढला होता. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या थोडं वर, एक डाग निघाला. तो भाग म्हणजे माणसाचा ब्रेक. राग सगळ्यांनाच येतो, पण ब्रेक लागतो म्हणून आपण पाना उचलत नाही. याचा ब्रेकच नादुरुस्त. शिवाय नाडी संथ, म्हणजे म्हणे भीती कमी. शिवाय घराणं.

"घराण्याचं काय?" मी विचारलं.

"तुमचे सासरे. मावशी, ते शेजाऱ्याचं सांगा."

शेजाऱ्याचं मी शंभरदा ऐकलं होतं. सासऱ्यांनी शेजाऱ्याचा दात पाडला होता. आजवर ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची होती: काय माणूस होता, कोणाचं ऐकून घेतलं नाही, एका ठोशात दात. सांगताना सासूबाईंचा पदर कमरेला खोचला जायचा. आता त्यांनी तीच गोष्ट डोळे पुसत सांगितली. दात तोच, शेजारी तोच. फक्त पराक्रमाचा आजार झाला होता.

"यालाच आनुवंशिकता म्हणतात, मावशी."

"आनुवंशिकता," सासूबाईंनी चवीने म्हणून पाहिलं. शब्द त्यांना आवडला. त्यात कोणाचीच चूक नव्हती.

"म्हणजे काय होणार?" मी विचारलं.

"न्यायाधीशांना पटलं, तर तुरुंग नाही. उपचार. गोळ्या, दर पंधरवड्याला डॉक्टर, आणि घरच्यांच्या देखरेखीखाली घरी."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी, वहिनी. इथे."

"आणि मी कुठे राहू?"

"विनोद करू नका."

मी विनोद केला नव्हता. घर त्याच्या आणि सासूबाईंच्या नावावर. माझ्या पगारात भिंगरीची शाळा आणि आमच्या दोघींचा बस-पास निघतो, वेगळी खोली निघत नाही. माझा भाऊ म्हणाला होता, "चार दिवस ये की." चार दिवस या शब्दाचा अर्थ सगळ्या बहिणींना कळतो.

"तुम्ही फक्त एवढंच करायचं," वकील उठता उठता म्हणाला. "खरं बोलायचं. त्याने मारलं, हे सांगायचं. जितकं जास्त मारलं असेल तितकं आपल्याला चांगलं."

आपल्याला.

इतकी वर्षं माझं खरं कोणालाही नको होतं. हवालदाराला नको, शेजाऱ्यांना एकदाच हवं होतं, आईला फोनवर नको, कारण तिचं ब्लडप्रेशर. आता त्याला एकदम भाव आला, आणि तो आला तोही नवऱ्यासाठी. खरं बोलले तर तो घरी येणार. खोटं बोलले, त्याने मला कधी बोटही लावलं नाही असं सांगितलं, तर घराण्याचा आजार लंगडा पडणार आणि तो तुरुंगात जाणार.

म्हणून मी खोटं बोलायचं ठरवलं.

*

सराव दुकानात केला. काडी वाकवताना ओठांतल्या ओठांत: नाही. कधीच नाही. कधीच नाही.

"काय नाही?" समोरच्या आजोबांनी विचारलं.

"टोचणार नाही, काका."

*

डॉक्टर. (आधी यायला हवे होते, आत्ता येत आहेत.)

मेंदूचे डॉक्टर मला वाईट वाटले नाहीत, हीच अडचण झाली. वाईट असते तर सोपं होतं. साक्षीच्या आधी त्यांना घरच्यांशी बोलायचं होतं, म्हणून मी आणि सासूबाई त्यांच्या दवाखान्यात गेलो. कानांच्या विद्वानाची गोष्ट त्यांनीच सांगितली. स्वतःच्या धंद्यातल्या मूर्खाची गोष्ट आपणहून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

त्यांनी फोटो उजेडापुढे धरला. राखाडी अक्रोड, आणि अक्रोडाच्या पुढच्या भागात एक फिकट ठिपका. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ज्याला मी माणूस समजत होते ते हे असेल, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, या ठिपक्याने मला मारलं? हा एवढासा?

"हा डाग खरा आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "वकिलाने काढलेला नाही. माझा एक पेशंट होता, गरीब स्वभावाचा कारकून. पन्नाशीत अचानक लोकांवर धावून जायला लागला. गाठ निघाली. गाठ काढली, माणूस पुन्हा गरीब झाला. हे मी स्वतः पाहिलंय. मेंदू बिघडला की वागणं बिघडतं, यात वाद नाही. रक्ताचंही तसंच. दत्तक गेलेली मुलं, जुळी मुलं, यांचा पुष्कळ अभ्यास झालाय. रक्ताचा वाटा शून्य निघत नाही."

"मग असा डाग असलेले सगळेच मारतात?"

"नाही."

"किती मारतात?"

"माहीत नाही. बहुतेक मारत नसावेत. पण न मारणारा माणूस माझ्याकडे कशाला येईल? त्याच्या डोक्याचा फोटो काढतो कोण?" ते थांबले. मग स्वतःशीच हसले. "म्हणजे मीही थोडाफार तुरुंगातलेच कान मोजतोय. हो. हे मी कोर्टातही नाकारणार नाही."

"मग डाग आला कुठून? सासऱ्यांच्या रक्तातून?"

"डाग रक्तातून येत नाही सहसा. मार लागल्याचा वाटतो. जुना." ते सासूबाईंकडे वळले. "लहानपणी डोक्यावर पडला होता का?"

सासूबाई पर्सची चेन उघडत-लावत होत्या.

"पडला होता एकदा," त्या म्हणाल्या. "पाच-सहा वर्षांचा असेल. दोन दिवस डोळे उघडले नव्हते."

"कसा पडला?"

"फरशी ओली होती."

दवाखान्यातला पंखा फिरत होता. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांना ते वाक्य नवीन होतं.

जिना उतरताना मी म्हटलं, "आई, मामंजींनी मारलं होतं ना?"

"तोंड सांभाळ."

"मग डाग त्यांनीच दिला की. रक्त कशाला मधे आणता?"

"गेलेल्या माणसाबद्दल एक शब्द ऐकणार नाही मी."

"परवा तर आजारी ठरवलंत त्यांना."

"आजारी वेगळं आणि हे वेगळं," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एक एक पायरी उतरत राहिल्या. मी हात दिला नाही.

*

(दवाखान्यातलंच, पण हे मला वेगळं ठेवायचं आहे.)

"मुलीचीही एक रक्ताची चाचणी करता येईल," डॉक्टर म्हणाले होते. "सक्ती नाही. रक्तात काही असलं तर माहीत असलेलं बरं."

"आणि निघालं तर?"

"तर काळजी घेता येईल."

"तिची की तिच्यापासून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्या मनात आलं की यांची डावी काडी सैल आहे. पण ती नीट करायची माझी इच्छा नव्हती.

*

आणि मग त्याच आठवड्यात भिंगरीने वर्गातल्या एका मुलीला पाण्याच्या बाटलीने मारलं. टेंगूळ आलं. शाळेत बोलावणं आलं.

"मुलं मारामाऱ्या करतात," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "त्याचं काही नाही. पण तुमच्या मुलीने आधी दाराकडे पाहिलं. कोणी येत नाहीये ना, ते बघितलं. आणि मग मारलं. ते मला जरा..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी घरी येईपर्यंत ते पुरं करत होते.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि भिंगरीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "अगदी बापावर गेली." अजून त्यांच्या आवाजात तो जुना, पाहुण्यांपुढचा अभिमान होता. वकिलाच्या समोर तेवढा आजार.

"तिच्या अंगाला हात लावू नका," मी म्हटलं.

"नात आहे माझी."

"मग तीही आजारी का? तिलाही गोळ्या?"

"सुंभ जळला तरी तुझा पीळ जात नाही बघ," त्या म्हणाल्या. "माहेरचा आहे तो. तुझ्यात आनुवंशिकता नसते का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. माझ्या कपाळामागे डाग नाही. असला तर कोणी पाहिलेला नाही.

*

कोर्ट.

खोली आमच्या दुकानाएवढीच. बाकं लाकडी, शेवटच्या बाकाचा एक पाय आखूड, बसलं की टुकटुक वाजायचा. पुढे न्यायाधीश, वयस्कर, सर्दी झालेले. एका बाजूला आमचा वकील, दुसऱ्या बाजूला सरकारी वकील, माझ्यापेक्षा लहान असलेली एक बाई, केस घट्ट बांधलेली, एकदाही न हसलेली. डिलिव्हरीवाल्याची बायको शेवटच्या बाकावर होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

सकाळी डॉक्टरांची साक्ष झाली. दवाखान्यात बोलले तेच बोलले. डाग आहे. डागामुळे संयम कमी होऊ शकतो. होतोच असं नाही. आमच्या वकिलाने शेवटचं वाक्य खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला.

"गाडीचा ब्रेक नादुरुस्त असेल," तो न्यायाधीशांना म्हणाला, "तर शिक्षा ब्रेकला द्यायची की चालवणाऱ्याला?"

दुपारी मला बोलावणार होते. तोवर मी बाकावर बसून घोकत होते. नाही. कधीच नाही. पाठ झालं होतं. वाकडं करून सरळ दाखवायचं, माझ्या हाताला सवय आहे.

नवरा समोरच होता, दोन पोलिसांमध्ये. इस्त्रीचा शर्ट, सासूबाईंनीच नेऊन दिलेला. त्याला तहान लागली. तो शेजारच्या पोलिसाकडे थोडा झुकला आणि अगदी हळू आवाजात, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "साहेब, थोडं पाणी मिळेल का?"

पोलीस म्हणाला, "थांब."

तो थांबला. मान खाली घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, शहाण्या मुलासारखा थांबला. पोलिसाने फोन पाहिला, कोणाशी तरी बोलला, नाक शिंकरलं. हा थांबलेलाच. घरी पाण्याचा पेला टेबलावर यायला उशीर झाला म्हणून माझं मनगट मोडलेलं आहे.

माझं पाठांतर तिथे संपलं.

*

वकील: तुमच्या नवऱ्याने तुम्हाला मारहाण केली होती का?

मी: हो.

(सासूबाईंनी डोळे मिटून मान हलवली, भजनात हलवतात तशी.)

वकील: अनेकदा?

मी: हो.

वकील: लहानसहान कारणावरून. अचानक.

मी: अचानक नाही.

वकील: म्हणजे, त्यांचा राग अचानक...

मी: राग अचानक यायचा. मार अचानक नसायचा. आधी घड्याळ काढायचा.

वकील: एवढं पुरे. माझे प्रश्न संपले.

न्यायाधीश (रुमालातून): त्यांचं बोलणं संपलेलं दिसत नाही.

सरकारी वकील उठली. तिने कागद बघितला नाही. ती नुसतं म्हणाली, "घड्याळ काढायचे. मग?"

मग मी सांगितलं. घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा, काच खाली करून नाही, वर करून, चरा पडू नये म्हणून. मग बाल्कनीचं दार लावायचा. मग टीव्हीचा आवाज वाढवायचा. बातम्या असल्या तर बदलून गाणी लावायचा, कारण बातम्या मोठ्याने लावल्या की शेजारचे तक्रार करतात. भिंगरी घरात असली तर तिला खाली खेळायला पाठवायचा. स्वतः तिच्या चपलेचा पट्टा लावून द्यायचा. मग माझ्याकडे वळायचा. आमच्या घरी कोणाचं लग्नकार्य जवळ आलं असेल तर तोंडावर मारायचा नाही.

"आणि मारताना कधी थांबले?"

"एकदा बेल वाजली. त्याचा हात वर होता. तो वरच थांबला. मग खाली आला, त्याने केसांवरून फिरवला, जाऊन दार उघडलं. पार्सल होतं. सही केली. थँक यू म्हणाला. पार्सल आणणाऱ्याला पाणी हवंय का, असंही विचारलं. दार लावलं. पार्सल टेबलावर ठेवलं. आणि परत आला."

शेवटचं बाक टुकटुक वाजलं.

"परत येऊन?"

"राहिलेलं पुरं केलं."

आमचा वकील उठून म्हणाला की साक्षीदार पतीबद्दल आकसाने बोलत आहे. सरकारी वकील म्हणाली की आकस आहेच, पण साक्षीदार आमच्या वकिलानेच बोलावला होता. न्यायाधीशांनी डॉक्टरांना उभं केलं.

"डॉक्टर, हे ऐकलंत. या माणसाला ब्रेक आहे की नाही?"

डॉक्टरांनी चष्मा नाकावर वर ढकलला. मला भीती वाटली की ते आता विद्वान होतील.

"डाग खरा आहे," ते म्हणाले. "या बाई सांगतात तेही मला खोटं वाटत नाही. दोन्ही एकाच डोक्यात मावतात. पैकी किती डागाने केलं आणि किती त्याने, हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही."

"मग मी काय करू?"

"ते माझं शास्त्र सांगत नाही, साहेब."

नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. माझ्या पाठीचा कणा ओळखतो. मग त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं, आणि नजर विझवून मान खाली घातली. हे सगळं एका श्वासात. मला वाटलं ओरडावं, बघा, बघा, आत्ता ब्रेक लावला त्याने. पण साक्षीदाराला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

*

निकालात डाग आला. डागाबद्दल न्यायाधीशांनी चांगलं दीड पान लिहिलं होतं. वैद्यकीय पुरावा विश्वासार्ह आहे, डॉक्टर प्रामाणिक आहेत. परंतु. परंतुनंतर घड्याळ, टीव्ही, बेल, आणि डिकीतली चटई, स्टेपनी, पाना. सात वर्षं तुरुंग, उपचार तुरुंगातल्या दवाखान्यात. डागाबद्दल एक वर्ष कमी केलं होतं, म्हणजे मूळची आठ.

सासूबाईंनी मला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. लोक ये-जा करत होते, पण त्यांनी आवाज कमी केला नाही.

"विचारलं तेवढंच सांगायचं होतं!"

"खरं सांग म्हणालात. सांगितलं."

"निम्मं सांगायचं होतं!"

"निम्मं तुम्ही इतकी वर्षं सांगतच होता."

"खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. स्वतःचा नवरा तुरुंगात धाडलास. आता लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, फरशी ओली होती."

त्यांचा हात उठला. मी पाहिलं: उठण्याआधी त्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडे, पोलीस उभा होता तिकडे, एक नजर टाकली. आणि हात खाली आणून पदर नीट केला.

मला पहिल्यांदा त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी भिंगरीचा विचार केला, वर्गाच्या दाराकडे पाहणाऱ्या. आधी दाराकडे बघणं हे रक्तातून येतं, की बघून बघून येतं, हे मला त्या व्हरांड्यात कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. डॉक्टरांना विचारता आलं असतं. ते समोरच्याच जिन्याने खाली जात होते, एका हाताने चष्मा सावरत. मी विचारलं नाही, कारण त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं असतं.

रिक्षा एकच केली. दोन परवडत नव्हत्या. दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत आलो.

*

आता आम्ही तिघी त्याच घरात राहतो. मला दुसरं घर नाही आणि सासूबाईंना दुसरं माणूस नाही. त्या माझ्याशी भिंगरीमार्फत बोलतात. "तुझ्या आईला सांग, गॅस संपलाय." समोर मीच उभी असते. भिंगरी म्हणते, "आई, आजी म्हणते गॅस संपलाय." मी म्हणते, "आजीला सांग, ऐकलं." असा आमचा संसार.

परवा भिंगरीने रागात दार आपटलं. कशावरून ते आठवत नाही, गणितं असतील. भिंत हादरली. मी ओट्यापाशी आणि सासूबाई खुर्चीत, दोघीही एकाच वेळी खांदे आवळून, मान खाली घालून गप्प झालो. अगदी सारख्या. एकीने दुसरीकडे पाहून शिकल्यासारख्या. आमचं दोघींचं रक्त एक नाही.

मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, खूप दिवसांनी सरळ.

"बघतेस काय," त्या म्हणाल्या. "जा, पोरीला समजाव."

"तुमचं रक्त आहे. तुम्हीच समजवा," मी म्हटलं, आणि गेले.

*

माझी आणि त्याची पहिली ओळख रक्तदानाच्या रांगेत झाली. तो माझ्या पुढे होता आणि नुसती सुई बघून बेशुद्ध पडला.